नातं निघालं

आमच्याकडं सोयरिकीची बैठक बसली की पहिला चहा संपायच्या आत नातं निघावं लागतं. मुलाची नोकरी, जमीन कोरडवाहू की बागायती, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, हे सगळं नंतर. आधी कुणीतरी जाणता माणूस बशीतला चहा फुंकत विचारतो, "शिवन्याचे म्हंजी कोन्त्या आळीतले?" मग दोन्हीकडची म्हातारी माणसं गावांची नि माणसांची नावं घेत मागं मागं जातात. कुणाची आत्या, तिची नणंद, त्या नणंदेचा चुलतदीर, असं करत एका ठिकाणी दोन्ही धागे भेटतात. "निघालं की हो नातं!" असं म्हणत कुणीतरी मांडीवर थाप मारतं आणि बैठक सैल पडते. आम्ही बायका आतल्या दाराशी उभ्या राहून हे सगळं ऐकायचो.

माझे थोरले मामा या कामात पक्के. सिल्लोड-सोयगावकडच्या गावांमधून त्यांना खास बोलावणं यायचं. त्यांचं म्हणणं असं, की नातं असतंच, काढणारा पाहिजे. मावसबहिणीच्या वेळी त्यांनी चार पिढ्यांमागं दत्तक गेलेला एक मुलगा शोधून काढला आणि दोन्ही घरं एकमेकांचे पाहुणे असल्याचं सिद्ध केलं. लग्न थाटात झालं. पुढं मानपानावरून आणि एका फ्रिजवरून व्हायचं ते भांडण झालं, तेव्हा त्या दत्तक मुलाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. आणि खरं सांगायचं तर सोयरीक काही त्या मुलामुळं जमलेली नव्हतीच. मुलगी पसंत होती, जमीन पाण्याखालची होती. नातं मागाहून निघालं, बोलायला बरं म्हणून.

दोन देशांचे पुढारी हातात हात घालून उभे राहिले आणि 'हजारो वर्षांचे प्राचीन संबंध' हे शब्द कानावर पडले, की मला ती बैठक आठवते. बशीतल्या चहासकट.

मामांचा पोटाचा धंदा मात्र वेगळा. ते अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये गाइड होते. सुरुवात झाली आरसा धरणारा पोरगा म्हणून. तेव्हा लेण्यांत वीज नव्हती. एकानं बाहेर उन्हात आरसा धरायचा, दुसऱ्यानं आत पांढरं कापड ताणायचं. उन्हाचा कवडसा आरशावरून कापडावर आणि कापडावरून भिंतीवर. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा. फर्दापुरात मामांच्या घरी तो आरसा अजून आहे. एका कोपऱ्यातला पारा उडालाय, आणि मामी त्यात बघून कुंकू लावते.

एक नंबरच्या लेणीत बहुतेक लोक समोर पद्मपाणी बघतात आणि निघतात. मामा मात्र लोकांना मागं वळायला लावायचे. दारातून आत आल्यावर जी भिंत पाठीशी राहते, तिच्यावर एक दरबार रंगवलाय. सिंहासनावर राजा, भोवती बायका, सेवक, नुसती दाटी. आणि राजापुढं काही पाहुणे: टोकदार टोप्या, दाढ्या, लांब बाह्यांचे अंगरखे. एकाच्या हातात मोत्यांची माळ, दुसऱ्याकडं सुरई, तिसऱ्याकडं तबक. रंग पुष्कळ उडालेत, पण टोप्या ओळखू येतात. मामा आवाज खाली आणून सांगायचे, "हा दुसरा पुलकेशी. चालुक्यांचा राजा. आन् हे इरानच्या खुस्रो बादशहाचे वकील. दोस्ती करायला आलेत." वकील हा शब्द ते जुन्या अर्थानं वापरत, म्हणजे राजदूत या अर्थानं, पेशव्यांच्या कागदांत सापडतो तसा.

१९८९ ची दिवाळीची सुट्टी होती. मी सहावीत होते आणि मामांच्या मागं मागं फिरत होते. पुण्यात शिकणारी इराणी मुलं आली, सात-आठ जण. त्यांच्याकडचं आठ वर्षांचं युद्ध आदल्याच वर्षी थांबलेलं होतं. हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मुलं गप्प गप्प होती. मामांनी त्यांना भिंतीकडं वळवलं आणि टोप्या दाखवल्या. "तुमारे लोग. चौदा सौ साल पहले." एक उंच मुलगा पुढं झाला, छातीवर हात ठेवून थोडा वाकला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. निघताना त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. खारे पिस्ते. आयुष्यातले पहिले. मी ते दोन-दोन करून चार दिवस पुरवले आणि टरफलं कंपासपेटीत ठेवली. मग शाळेत सगळ्यांना सांगितलं, इराण आपला मित्र आहे.

ते चित्र पुलकेशीचं नाही, हे मला एम.ए.ला असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात कळलं.

ही गोष्ट पहिल्यांदा मांडली जेम्स फर्ग्युसन यांनी, १८७९ मध्ये. (पुण्याच्या कॉलेजला नाव आहे तो जेम्स फर्ग्युसन दुसरा, मुंबईचा गव्हर्नर. हा वास्तुकलेचा अभ्यासक.) त्यांच्यापुढं दोन गोष्टी होत्या. एक, भिंतीवरचे टोपीवाले. दुसरी, तबरी या इतिहासकाराच्या अरबी ग्रंथातला एक उल्लेख, की दुसऱ्या खुस्रोच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदच्या राजानं त्याच्याकडं वकील आणि नजराणे पाठवले. त्या राजाचं नाव ग्रंथात जसं पडलंय ते ओढूनताणून पुलकेशी वाचता येतं. साल साधारण ६२५ च्या पुढंमागं, आणि पुलकेशी तेव्हा राज्य करत होताच. धागे भेटले. निघालं नातं!

पण ग्रंथात वकील इकडून तिकडं गेलेत आणि भिंतीवर ते तिकडून इकडं आलेले दिसतात. मग परतीची भेट झाली असणार, असं गृहीत धरलं गेलं. त्या परतभेटीला भिंतीखेरीज पुरावा नाही, आणि भिंतीचा अर्थ लावायला परतभेटीखेरीज आधार नाही. असा तो गोल चरखा शंभर वर्षं फिरत राहिला.

दुसरी अडचण काळाची. अजिंठ्याची ही कामं वाकाटक घराण्याच्या वत्सगुल्म म्हणजे वाशीमच्या शाखेच्या अमलातली. वा. वि. मिराशींनी त्यांचे कोरीव लेख लावले, आणि पुढं वॉल्टर स्पिंक यांनी लेणी-लेणीत वर्षानुवर्षं बसून छिन्नीच्या खुणांवरून कामाचा क्रम मांडला. स्पिंक यांच्या हिशेबानं एक नंबरची लेणी हरिषेण राजाच्या वेळची, इसवी सन ४६० ते ४७७ च्या दरम्यानची. त्यांचं वर्ष न् वर्ष सगळ्यांना पटत नाही, पण पाचव्या शतकाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पुलकेशी गादीवर आला ६१० च्या सुमाराला. म्हणजे रंग वाळून सव्वाशे वर्षं झाल्यावर. आणि चित्रातला प्रसंग? डीटर श्लिंगलॉफ यांनी त्यात महासुदर्शन राजाची कथा ओळखली. बुद्धाच्या एका पूर्वजन्मीची. टोपीवाले म्हणजे त्या कथेतल्या चक्रवर्ती राजाच्या दरबारातले परदेशी लोक. चित्रकारानं बाजारात, बंदरात पाहिलेले असतील तसे काढले.

मला त्याहून मजा वाटली ती तबरीचा मजकूर नीट वाचल्यावर. पुढं दोस्तीचा पुरावा म्हणून मिरवल्या गेलेल्या त्या पत्रव्यवहारात दोस्ती कमी आणि भानगड जास्त आहे. हिंदच्या राजानं बादशहाच्या मुलांनाही एकेक पत्र पाठवलं होतं. शिरोये नावाच्या मुलाच्या पत्रावर वरच 'मजकूर गुप्त ठेवावा' असं लिहिलेलं. बापाला संशय आला, त्यानं हिंदी लिपी वाचणारा माणूस बोलावून ते उघडलं. आत भविष्य: अमुक साली, अमुक दिवशी तू गादीवर बसशील. पुढं ६२८ मध्ये शिरोयेनं बापाला कैद केलं, गादी घेतली आणि बाप मारला गेला. हा पत्राचा किस्सा ग्रंथात कैदेतला खुस्रोच मुलाला सुनावतो. घरभेदी कागद म्हणावा असा प्रकार. आमच्या बैठकीत असं पत्र निघालं असतं तर सोयरीक राहिली बाजूला, कोर्टकचेरी झाली असती.

त्या सुट्टीत मी फर्दापूरला गेले ती जरा तोऱ्यातच. मामा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं: फर्ग्युसन, तबरी, हरिषेण, सव्वाशे वर्षांचा फरक. शेवटी मी म्हणाले, "म्हणजे मामा, तुम्ही तीस वर्षं लोकांना खोटं सांगत आलात."

मामांनी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "बरं. पुलकेशी न्हाई. मंग टोप्या कुनाच्या हायेत, माय?"

मी म्हणाले, परदेशी व्यापाऱ्यांच्या वगैरे.

"म्हंजी मानसं आलती ना? का तीबी न्हाई आली?"

याला उत्तर नव्हतं. माणसं आली होती, हे तर खरंच. नुसत्या टोप्यांवर जायचं कारण नाही, अजिंठ्यातला निळा रंग बघावा. तो लाजवर्दाचा, आणि लाजवर्द येतो बदख्शानच्या डोंगरांमधून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून. कुणीतरी तो दगड खेचरांवर, उंटांवर, गलबतांत घालून वाघूर नदीच्या या घोड्याच्या नालेसारख्या वळणापर्यंत आणला. त्याची पुडी सोडून कुणीतरी भाव केला. कुठल्या राजानं कुणाला मिठी मारली नाही. एका कारागिराला निळा हवा होता, एवढंच. मराठवाड्याचे जगाशी संबंध बहुतेक असेच झालेले. भोकरदन आणि तेरला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी जुळणारी एक मूर्ती १९३८ मध्ये पार इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेतून निघाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला त्याच्या आधी ती तिकडं पोचली होती. तिला नाव पडलं 'पॉम्पेई लक्ष्मी'. लक्ष्मी ती बहुधा नव्हेच, यक्षी असावी. पण पाहुण्यांच्या घरी गेलेल्या मुलीचं नाव बदलतातच की.

आणि खऱ्या वकिलाती कशा असतात? एक आमच्या दौलताबादवरून गेली आहे. मुहम्मद तुघलकानं मोरोक्कोच्या इब्न बतूताला चीनच्या बादशहाकडं वकील म्हणून धाडलं, १३४२ च्या सुमाराला. बरोबर नजराण्यांचा लवाजमा. दिल्लीतून निघून थोडं अंतर जात नाहीत तोच लुटारूंनी गाठलं, खुद्द वकीलसाहेब पकडले गेले, कसेबसे सुटले. दौलताबादेत त्यांनी इथल्या द्राक्षं-डाळिंबांची तारीफ केली, मराठा बायकांच्या नाकाडोळ्यांचं वर्णन केलं, आणि किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचं लिहून ठेवलं. पुढं कालिकतला वादळात नजराण्याचं जहाज फुटलं. इतका सगळा खटाटोप करून हाती उरलं ते एक प्रवासवर्णन. अशी गोष्ट स्वागतसमारंभात कोण सांगणार? तिथं मोत्यांची माळच बरी दिसते.

इराणशी आपला मैत्रीचा करार १९५० च्या मार्चमध्ये झाला, शाश्वत शांतता आणि मैत्री अशा शब्दांत. २०१६ मध्ये इराणमधल्या चाबहार बंदराच्या करारावेळीही प्राचीन संबंधांचा पाढा वाचला गेला. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं निर्बंधांतली सवलत काढून घेतली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. मी यात कुणाला दोष देत नाही. घर चालवणाऱ्याला दहा बाजू बघाव्या लागतात. पण त्या महिन्यात बातम्या ऐकताना मला तो उंच मुलगा आठवत होता, छातीवर हात ठेवून उभा राहिलेला. त्याच्यासाठी ती भिंत खोटी नव्हती. करार करणारे भिंतीकडं बघून करार करत नाहीत, मोडणारेही नाहीत. भिंतीकडं बघतात ती सहलीला आलेली मुलं.

मात्र गोष्ट नुसती तोंडी लावायला असते, असंही नाही. कधीकधी ती अंगावर येते. नेपाळमधलं जनकपूर हे सीतेचं माहेर, अयोध्या सासर. त्या नात्यावर २०१८ च्या मेमध्ये जनकपूर ते अयोध्या बस सुरू झाली, मोठं कौतुक झालं. दोन वर्षांनी सीमेचा वाद पेटला आणि नेपाळचे पंतप्रधान ओली म्हणाले, खरी अयोध्या आमच्याकडंच आहे, वीरगंजजवळ. विहीणबाई रुसल्या की आधी दागिन्यांचा हिशेब निघतो, तसं.

आता कोरियाकडं येते, कारण लिहायला बसले ती त्याच्यावरून.

आमच्या शहराला कोरियन माणसं आता नवीन नाहीत. शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक नगरीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या आगंमागं आणखी काही कामं आली. माझे यजमान दुसऱ्या एका कारखान्यात आहेत. तिथं यंत्रं बसवून द्यायला एक कोरियन इंजिनिअर आले होते. आडनाव किम. कोरियात किम म्हणजे आपल्याकडं पाटील. दगड मारला तर किमलाच लागावा. चार महिने राहिले. एका रविवारी आम्ही त्यांना वेरूळ-खुलताबाद दाखवलं, दुसऱ्या रविवारी अजिंठा.

खुलताबादेत त्यांना औरंगजेबाची कबर बघायची होती, सगळ्यांना असते. मी त्यांना मलिक अंबरकडंही नेलं. घुमट, झुडपं, सावलीत दोन शेळ्या. किमनं विचारलं, हे कोण? मी सांगितलं, ज्या शहरात तुम्ही चार महिने राहताय ते १६१० मध्ये खडकी नावानं वसवणारा माणूस. जन्म इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून फिरत फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. मोगलांना दख्खनेत वर्षानुवर्षं थोपवून धरलं. शहराला खापरी नळांनी पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी काही ठिकाणी परवापरवापर्यंत वाहत होती. १६२६ मध्ये मेला, इथं आहे.

किमनं इकडंतिकडं बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "इथिओपियाचे लोक इथं येतात?"

मी कितीदा तरी तिथं गेलेय. मला तरी कधी पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा दिसलेला नाही. पुराव्यानिशी सिद्ध असलेलं, नावगाव, साल, कबर, पाण्याचे नळ सगळं जागेवर असलेलं नातं हे. पण ते काढायला बसलं की पहिल्याच वाक्यात 'विकला गेला' असं येतं. कुणी विकला, कुणी घेतला, आपल्याकडं गुलाम किती होते? बैठकीत असे प्रश्न नको असतात. मामासुद्धा नातं काढताना घराण्यातली पळून गेलेली मुलगी गाळूनच पुढं जायचे. म्हणून मग वाटतं, पुराव्याअभावी नाती मोडत नसावीत. फार पुरावा असला की अवघड होतं.

अजिंठ्याच्या रविवारी गाडीत किमनं स्वतःहूनच विषय काढला. म्हणाला, "माझी आजी भारतातली." आम्ही दोघंही चमकून मागं वळलो. तो हसला. "दोन हजार वर्षांपूर्वीची आजी."

ती कथा मला माहीत होती. सामगुक युसा नावाचा तेराव्या शतकातला ग्रंथ आहे, इर्यॉन नावाच्या भिक्षूनं जुळवलेला. त्यात येतं, की अयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या इसवी सन ४८ मध्ये तांबड्या शिडाच्या जहाजातून आली आणि सुरो राजाची राणी झाली. नाव हिओ ह्वांग-ओक. ती एकशे सत्तावन्न वर्षं जगली, असंही तोच ग्रंथ सांगतो. अयुता म्हणजे अयोध्या, असं पुढं काही अभ्यासकांनी म्हटलं. २००१ मध्ये अयोध्येत शरयूकाठी तिचं स्मारक झालं. २०१८ च्या दिवाळीत कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथल्या दीपोत्सवाला पाहुण्या म्हणून आल्या. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून तिचं टपाल तिकीट काढलं. आता अडचण अशी, की पहिल्या शतकात त्या गावाला साकेत म्हणत. अयोध्या हे नाव त्याला गुप्तांच्या काळात चिकटलं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. शिवाय ग्रंथ घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला. सुरो राजाच्या समाधीच्या दारावर दोन मासे कोरलेत आणि अयोध्येतही दोन माशांचं चिन्ह दिसतं, हा पुरावा नेहमी देतात. तेव्हा उत्तर प्रदेशाच्या राजमुद्रेवरचे ते मासे अवधच्या नवाबांकडून आलेत, हे कुणी सांगत नाही.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते. पण मागच्या सीटवर माणूस खिडकीतून कपाशीची शेतं बघत 'आजीचा देश' म्हणत होता. मी म्हणाले, "अयोध्या इथून फार लांब आहे." तेवढंच.

लेणी बघून दुपारी मामांकडं जेवायला गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघ्यांनी दगा दिलाय, लेण्यांच्या पायऱ्या बंद झाल्यात. मामीनं वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि खलबत्त्यातला ठेचा केला होता. किम ठेचा असा खात होता जसा आपण चटणीपूड खातो. मामी पदर तोंडाला लावून बघतच राहिली. मी मामांना राणीची गोष्ट सांगितली, सगळ्या शंका-कुशंकांसकट.

शंका मामांनी ऐकल्याच नाहीत. त्यांचे डोळे लकाकले. वीस वर्षांनी कुणीतरी बैठकीला बोलावल्यासारखे ते सावरून बसले. "म्हंजी पोरगी आपली. तिकडं दिली. मंग ही तिची लेकरं." बोटं मोडत त्यांनी हिशेब लावला आणि मांडीवर थाप मारली. "अगं, हा भाचाच की आपला! हा आजोळाला आलाय!"

मी किमला हे इंग्रजीत सांगितलं. आजोळ या शब्दाला काय म्हणावं ते सुचेना. म्हणाले, आईच्या आईबापाचं घर, जिथं लेकराला कुणी रागावत नाही. त्याला ते आवडलं असावं. जरा वेळ तो ताटाकडं बघत राहिला, मग बोलू लागला. राणीला दहा मुलं झाली म्हणे. दोघांना तिनं आपलं आडनाव लावलं, हिओ. बाकीचे किम. म्हणून गिम्हे गावाचे किम आणि तिथलेच हिओ हे भाऊभाऊ. त्यांच्यात लग्नं होत नाहीत. कायद्याची आडकाठी नाही, पण घरची माणसं ऐकत नाहीत. "कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. हिओ." आजीनं, म्हणजे खऱ्या, या जन्मीच्या आजीनं, तीन दिवस अन्न घेतलं नाही. संपलं.

मी मामांना सांगितलं. या खेपेला शब्द शोधावा लागला नाही. "एकच देवक," मी म्हणाले.

मामांनी हळूच मान हलवली. देवक आडवं आलं म्हणून मोडलेल्या किती सोयरिकी त्यांनी पाहिल्या होत्या, एकदोन स्वतः मोडल्याही होत्या. त्यांनी विचारलं, "मंग त्या पोरीचं पुढं काय झालं?" किम म्हणाला, बुसानला असते, दोन मुलं आहेत. मामी न विचारता उठली आणि त्याच्या भाकरीवर तूप वाढून आली.

मला आतापर्यंत वाटत होतं, की या कथा म्हणजे पाहुण्यांपुढं ठेवायचं पानाचं तबक. पान खाऊन उठलं की विषय मिटला. आणि इथं कागदोपत्री कधी आली की नाही याचा पत्ता नसलेल्या एका राणीनं एका माणसाचं लग्न मोडलं होतं. शेंद्र्याचा कारखाना काही तिच्यामुळं आलेला नाही. तो जमीन, वीज आणि रस्ता बघून आला. पण त्या कारखान्यांच्या मागोमाग आलेला हा माणूस तिचं नाव घेऊन घास थांबवून बसला होता.

निघायच्या वेळी मामांनी थांबवलं. भाचा पहिल्यांदा घरी आला म्हणजे मोकळा कसा जाईल? आतून टॉवेल-टोपी आणली. घडीची पांढरी टोपी, किंचित पिवळी पडलेली, कुठल्यातरी लग्नाच्या आहेरातली. मामीनं कुंकू लावलं, मामांनी स्वतःच्या हातानं टोपी घातली. ती किमला जरा मोठी होत होती, कानांवर टेकली. माझ्या यजमानांनी मोबाइल काढला. किम ओट्यावर ताठ उभा राहिला, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात मामीनं दिलेली शेंगदाण्यांची पिशवी.

मामांनी डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं, जसे ते पूर्वी भिंतीकडं बघायचे, कवडसा नीट पडलाय का म्हणून. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "याला आता असाच भिंतीवर काढ. हजार वर्सांनी कुनीतरी येईल आन् म्हनंल, हा फर्दापूरचा सरपंच."

किमनं विचारलं, काय म्हणाले?

मी म्हणाले, टोपी शोभते म्हणतात.